धुण्याचं पाणी

सरांनी ती दगडाची गोळी तोंडात टाकली तेव्हा मी त्यांच्या इतकी जवळ उभी होते की ती दाढेवर आपटल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला. कपाला चमचा लागावा तसा. समितीचे पाच जण टेबलापलीकडे चहाचे कप धरून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यांवर आधी भीती आली, मग भीती वाटल्याची लाज, मग हसू. सरांनी गोळी या गालातून त्या गालात नेली. गाल फुगला आणि बसला. "बघा," ते म्हणाले, आणि तोंडातल्या गोळीमुळे शब्द ओला होऊन बाहेर पडला, "चोखा, चघळा, वर्षभर पाण्यात उकळा. आत कोंडलेलं बाहेर येत नाही." मग दोन बोटं तोंडात घालून त्यांनी ती काढली. ती चमकत होती. एक बारीक तार तिच्यापासून त्यांच्या खालच्या ओठापर्यंत ताणली गेली आणि तुटली. गोळी कुठे ठेवावी म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, रिकामी बशी दिसली नाही, आणि घरातल्या बाईच्या हातात उष्टं ताट द्यावं तितक्या सहजपणे त्यांनी ती माझ्या तळव्यावर ठेवली. "जरा खारट आहे," ते म्हणाले, "बाकी चव वाईट नाही." समितीचे अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या खेपेला मीठ बेताने घाला," आणि सगळे मोकळेपणी हसले. मी मूठ मिटली. गोळी कोमट होती.

बायकांच्या स्वच्छतागृहात तिसऱ्यांदा साबण लावत होते तेव्हा तो शब्द माझ्यापर्यंत पोचला. तोवर नुसती किळस होती. ती मला नवी नाही. इतरांची सर्दीची प्रकृती असते तशी माझी किळसेची आहे. कधी दबून राहते, कधी उसळते. बेसिनच्या कडेला कुणाचा तरी लांब केस चिकटला होता आणि पाण्याच्या प्रत्येक उसळीबरोबर जिवंत असल्यासारखा हलत होता. तळव्याच्या मधोमध, गोळी होती तिथे, कातडी घासून लाल झाली तरी तो कोमटपणा जात नव्हता. आणि मग ते ऐकू आलं: खारट. दगड खारट नसतो. आमची गोळी तर मुळीच असता कामा नये. मी नळ बंद केला. गोळी एप्रनच्या खिशात होती आणि खिशावर नाण्याएवढा ओला डाग उमटला होता. क्षणभर मनात आलं, आपणही जीभ लावून बघावी. मी बेसिनच्या दोन्ही कडा धरून ओकायला खाली वाकले. पण काही पडलं नाही.

गोळीत विष नव्हतं. असतं तर सर वाचले नसते, आणि मीही. अणुभट्टीतलं वापरून झालेलं इंधन आम्लात विरघळवतात, त्यातलं कामाचं काढून घेतात आणि मागे उरतं ते टाक्यांमध्ये साठवून ठेवतात. आपल्याच उष्णतेने तापलेलं, हजारो वर्षं माणसाने जवळ जाऊ नये असं द्रव. टाकी कधी ना कधी गळतेच, म्हणून ते दगडात कोंडायचं. डोंगरातल्या दगडात नव्हे, आम्ही भाजून केलेल्या. टायटॅनियम, झिर्कोनियम, बेरियम यांच्या भुकट्या त्या द्रवात कालवायच्या, सुकवायच्या आणि प्रचंड दाबाखाली भाजायच्या. मग असे स्फटिक तयार होतात की त्यांच्या जाळीत एकेका नकोशा मूलद्रव्याला आपापली जागा मिळते. "प्रत्येकाला स्वतंत्र खोली आणि बाहेरून कडी," असं सर व्याख्यानात सांगतात. सगळ्यांत द्वाड सीझियम. मिठातल्या सोडियमचं ते थोरलं भावंड. पाणी दिसलं की निघालं. खोली मिळाली नाही तर ते स्फटिकांमधल्या फटींत मीठ होऊन बसून राहतं. आमच्या प्रयोगशाळेत खरं द्रव कधीच येत नाही. बाटल्यांतली स्वच्छ रसायनं मोजून आम्ही तसंच द्रव बनवतो. त्यातलं सीझियम गुणाने तेच, फक्त किरणोत्सर्ग नाही. आम्ही त्याला नकली कचरा म्हणतो. विकत आणलेला, पांढराशुभ्र, चिठ्ठी चिकटवलेला कचरा. त्याची मला कधी किळस आली नाही. उलट आठ वर्षांपूर्वी ही नोकरी धरली तेव्हा वाटलं होतं, जगातली सगळ्यांत मोठी घाण, एकदाही हात न बरबटता आवरायचं काम आपल्याला मिळालं आहे.

परीक्षा अशी असते. गोळी झाकणाच्या भांड्यात शुद्ध पाण्यात ठेवायची, पाणी उकळीच्या जरा खाली, अठ्ठावीस दिवस. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पाणी काढून घ्यायचं आणि त्यात किती सीझियम उतरलं ते यंत्रावर मोजायचं. आमचे आकडे इतके लहान येतात की परदेशातले लोक पत्र लिहून विचारतात, दशांशचिन्ह चुकलं नाही ना. समिती याच आकड्यांसाठी आली होती. जुनी काचेत कोंडण्याची पद्धत चालू ठेवायची की आमचा दगड घ्यायचा, हे ठरायचं होतं. दगड ठरला की खऱ्या टाक्या रिकाम्या करायला घेणार. अंतिम अहवाल उद्या पाचच्या आत, दोन सह्यांनिशी: एक सरांची, एक माझी. आणि या सगळ्याच्या आधी, परीक्षेच्याही आधी, आम्ही गोळी धुतो. कंपनांच्या टबात, गरम पाण्यात, अर्धा तास. ते पाणी आम्ही ओतून देतो. आजची गोळी धुतलेली नव्हती. सकाळी दहाला सरांना वाटलं की पाहुण्यांना काहीतरी ताजं दाखवावं, आणि काकांनी, म्हणजे भट्टी सांभाळणाऱ्या आमच्या तंत्रज्ञांनी, साच्यातून काढून ती माझ्यापुढे धरली होती. "धुतली नाही अजून, ताई." मी म्हटलं होतं, "राहू दे, नुसती दाखवायचीय. कुणी खाणार आहे का?"

ते धुणं मी आणलं. पूर्वी अल्कोहोलने एकदा विसळून घ्यायचे, क्षणभर, बस्स. मी रुजू झाले त्या वर्षी एका गोळीवर मला बोटाचा ठसा दिसला. काका जेवून आले होते. ठसा तेलाचा होता, त्यातल्या रेषा भिंगाखाली इतक्या स्पष्ट दिसत होत्या, शेताच्या नांगरटीसारख्या, आणि मधोमध पिवळसर काहीतरी वाळलेलं. मी भिंगापासून तोंड फिरवलं. पण किळस आली म्हणून आपण काही करत नाही, कारण सापडलं म्हणून करतो. आणि मला उत्तम कारण सापडलं. घामात क्षार असतात, ते मोजमाप बिघडवतात. मी एक पान लिहिलं, कृती क्रमांक सात, त्यावर सही केली, सरांनी ते चालवून घेतलं. पुढच्याच खेपेला आकडे तीसपट खाली आले. सर तो कागद घेऊन स्वतः माझ्या टेबलाशी आले. "तुझ्या हाताला यश आहे," ते म्हणाले. मला वाटलं, आकड्यांतून मी माणसांची बोटं काढून टाकली. त्या महिन्यात मी घरी जाताना बसमध्ये उभी राहूनही आनंदात असायची.

पण अजून एक गोष्ट आहे, आणि ती मला त्या बेसिनपाशी आठवली. तिसऱ्या की चौथ्या वर्षी काका एका शुक्रवारी टब ओतायला विसरले. सोमवारी मी आले तर पाणी आटलं होतं आणि स्टीलच्या तळाशी पांढरं, खडबडीत कडं धरलं होतं, जुन्या न्हाणीघरातल्या बादलीला धरतं तसं. मी ते पाहिलं. शुद्ध पाणी आटून कडं धरत नाही, हे मला कळतं. शाळेतल्या मुलीलाही कळेल. मी म्हटलं, "काका, शी, काय हे, घासून काढा आधी." आणि दुसऱ्या खोलीत निघून गेले. घासल्याचा आवाज भिंतीतून येत होता. तो थांबेपर्यंत मी एक पत्र वाचत होते आणि त्यातलं एक अक्षर मला कळलं नव्हतं. मला तेव्हा ठाऊक झालं होतं का? आठ वर्षांच्या सगळ्या वह्या माझ्या अक्षरात आहेत. त्यात या कड्याची नोंद नाही. जे मी लिहिलं नाही ते मी पाहिलं नाही, असं म्हणायची सोय शास्त्राने मला करून दिली होती.

दुपारी समिती गेल्यावर मी भट्टीच्या खोलीत गेले. तिथे गरम लोखंडाचा आणि काकांच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास एकत्र असतो. सकाळच्याच साच्यातल्या आणखी दोन गोळ्या शिल्लक होत्या. "काका, या दोन्ही धुवा. नेहमीसारख्या. पण पाणी टाकू नका."

"पाणी?" काका म्हणाले. "त्याचं काय लोणचं घालायचंय?"

"बाटलीत भरून द्या मला. एक थेंब सांडू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वडील जगले असते तर काकांहून थोडेच मोठे असते. त्यांनी हातमोजे घातले, पहिल्या वर्षीपासून मी त्यांना लावलेली सवय, आणि ते घालताना प्रत्येक बोट वेगळं ओढून बसवलं. "ताई, माझ्या धुण्यात काही कमी पडलं का?" ते म्हणाले. "नाही म्हणजे, पाहुण्यांपुढे सर खारट म्हणाले, ते मी दारातून ऐकलं. ती धुतलेली नव्हती, हे तुम्हाला सांगितलं होतं मी. धुतलेली असती तर खारट लागली नसती."

"हो," मी म्हटलं. "लागली नसती."

"मग झालं तर," काका म्हणाले आणि टब सुरू केला. टब गुणगुणायला लागला. पाण्यावर बारीक शिरशिरी आली, आणि गोळ्यांभोवतीचं पाणी, मी पहिल्यांदाच वाकून पाहत होते, किंचित गढूळ झालं आणि मग तेही विरून गेलं. अर्धा तास मी तिथे उभी राहिले. यंत्र सांभाळणाऱ्या बाईंना बाटली दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या दहापर्यंत आकडा देते. आज तुमची तब्येत बरी दिसत नाही हो." मी म्हटलं, "सकाळपासून मळमळतंय." त्या हसल्या आणि त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. मी बेचाळीस वर्षांची आहे. त्या नजरेचीही मला किळस आली.

घरी आले तेव्हा आई न्हाणीघरात होती आणि आतून पाण्याचा आवाज येत होता. ती सहा वर्षं आमच्याकडे आहे. दार लोटलेलं होतं. ती स्टुलावर बसून चादर धूत होती, खालची, रबराच्या तुकड्यावर घालतो ती, आणि तिच्या कोपरापर्यंत फेस होता. "काय झालं?" मी विचारलं. "कुठे काय? चहा सांडला जरा," आई म्हणाली. वास चहाचा नव्हता. तिला ठाऊक होतं की मला कळलं आहे, आणि मला ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे, आणि आम्ही दोघी त्या वासात उभ्या राहून चहाबद्दल बोललो. फार गोड होता, म्हणून डाग चिकट पडला, गरम पाणी लागेल. महिन्यातून किती वेळा होतं, असं गेल्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, "नाही होत." मी खोटं बोलले नव्हते. आई कुणी उठायच्या आत धुऊन टाकत होती.

आम्ही दोघींनी हे पूर्वीही केलं आहे. मी नऊ वर्षांची असताना वडील खोकायचे. खाटेखाली थुंकायला पितळी तस्त असे. डॉक्टर दर मंगळवारी येत, आणि मंगळवारी सकाळी आई तस्त घासायला घेई. राख, चिंच, पुन्हा राख, मग लख्ख धुऊन उन्हात पालथं. "डॉक्टरांच्या पुढ्यात घाण नको," ती म्हणायची. मी टॉवेल धरून उभी असायची. तस्तात काय असायचं ते मी रोज पाहत होते, लाल धागे, नंतर धागे नव्हेत, आणि पाहताना मी श्वास रोखून धरायची. डॉक्टर तस्ताकडे बघत. त्यात खिडकीचं प्रतिबिंब पडलेलं असे. "किती पडतं?" ते विचारत. आई म्हणे, "थोडंसं." मग ते माझ्याकडे बघून हसत आणि म्हणत, "काय गं, घर काय छान ठेवलंय तुझ्या आईने." मी मान हलवायची. मला अभिमान वाटायचा. हा अभिमान मला नीट आठवतो, तस्ताच्या चकाकीसकट. वडिलांचा चेहरा मात्र आता फोटोतला आठवतो.

जेवताना नवऱ्याने विचारलं, "तळव्याला काय झालं? सोललंय सगळं." मी सांगितलं, सरांनी गोळी तोंडातून काढून हातात दिली. तो खो खो हसला. "तुझ्या हातात? तुझ्या? अगं, लग्नात मी तुला घास भरवला तेव्हा तू तो कुणाचं लक्ष नसताना रुमालात काढलास. तुला नवरा नकोच होता, उकळून घेतलेली कात्री हवी होती." तो चांगला माणूस आहे. त्याच्या हनुवटीला भाताचं एक शीत चिकटलं होतं आणि बोलताना खालीवर होत होतं. मी त्याला गोळीच्या खारटपणाबद्दल सांगितलं, सगळं, धुण्याचं, कड्याचं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "पण आतलं तर आतच आहे ना? वरवरचं मीठ गेलं तर गेलं." मी म्हटलं, "वरवरचं कुठलं? गोळीला जिथे भेग पडेल तिथे नवं वरवरचं तयार होतं. दगडाला भेगा पडतात. हजार वर्षांत किती पडतील? आणि त्या वेळी ते मीठ नकली नसेल." त्याने विचारलं, "अहवाल गेला तर?" "गेला तर मी सही केलेली असेल." "आणि नाही गेला तर?" "आठ वर्षं पाण्यात." आई शेजारी बसून कुस्करून कुस्करून जेवत होती. ती म्हणाली, "कुणाच्या चुका चव्हाट्यावर आणू नयेत गं." मी म्हटलं, "चूक माझीच आहे, आई." "मग तर मुळीच नाही," आई म्हणाली.

सकाळी यंत्रावरच्या बाईंनी चिठ्ठी हातात देताना सांगितलं, "अहो, एवढं दाट असेल तर पातळ करून आणत जा. माझी नळी खराब होते." अर्ध्या तासाच्या धुण्याच्या पाण्यात दर गोळीमागे जेवढं सीझियम होतं ते अठ्ठावीस दिवसांच्या चारही पाण्यांच्या बेरजेच्या एकोणीसपट होतं. म्हणजे आम्ही परीक्षा घेत होतो ती सगळं देऊन झालेल्या गोळीची. मी टेबलाशी बसून अहवालातला तक्ता उघडला. तो पहिल्या दिवसापासून सुरू होतो. मी त्याच्यावर एक ओळ वाढवली, दिवस शून्य, आणि आकडा लिहिला. खालचे सगळे आकडे एकदम केविलवाणे दिसायला लागले. तळटीप लिहिली: धुण्याची ही रीत अमुक सालापासून चालू आहे, ती मी लिहिली, आधीचे सर्व निष्कर्ष तिच्यामुळे अविश्वसनीय ठरतात. "मी" हा शब्द अहवालात चालत नाही. मी तो ठेवला, सही केली आणि सरांच्या खोलीत गेले.

सर संत्रं सोलत होते. त्यांनी मला बस म्हटलं, एक फोड पुढे केली, मी नको म्हटलं. त्यांनी तक्ता वाचला, चष्मा वर करून पुन्हा वाचला, आणि माझी अपेक्षा होती तसं काहीच झालं नाही. ते चिडले नाहीत, दचकलेही नाहीत. "हे कशाला उकरून काढलंस?" ते म्हणाले. "धुणं म्हणजे काही परीक्षा नव्हे. परीक्षेला कुणी पारोसं जातं का? आंघोळ करूनच जातात."

"सर, आंघोळीच्या पाण्यातच सगळं गेलंय. एकोणीसपट."

"एकोणीस?" ते म्हणाले. "मला वाटलं होतं पंचवीस तरी असेल."

मला प्रथम वाटलं, ते थट्टा करत आहेत. त्यांनी फोडीतली बी जिभेने पुढे आणली, ओठांवर धरली आणि बोटाने उचलून कागदावर ठेवली. "तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"अगं, म्हणजे काय? पहिल्याच दिवशी. बोटाचे डाग धुतले म्हणून तीसपट? मी काय दूधखुळा आहे?" आणि मग ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू खरं आश्चर्य आलं. ते मी कधी विसरणार नाही. "थांब. तुला माहीत नव्हतं? मी समजत होतो, पोरगी हुशार आहे. बोलत नाही, करते. घामाचं कारण काय झकास शोधून काढलं होतंस. मी तर सगळ्यांना सांगायचो, हिच्या हाताला यश आहे."

खोलीत संत्र्याच्या सालीचा उग्र वास भरला होता. खिडकीशेजारचं टेबल, दोन वेळा वेळेआधी मिळालेली बढती, परदेशातल्या परिषदेला सरांनी स्वतःऐवजी मला पाठवलं ते, आईच्या ऑपरेशनच्या वेळी विचारायच्या आत मंजूर केलेली रजा: आठ वर्षं या माणसाने माझ्याशी जे जे चांगलं केलं, ते सगळं तो मला आपल्यासारखी समजत होता म्हणून. एका ताटात जेवणाऱ्यासारखी. आणि मला स्वच्छ वाटत होतं. मला उठून हात धुवायला जावंसं वाटलं, पण हाताला काही लागलेलं नव्हतं. धुऊन काय काढणार होते? मी नऊ वर्षांची असल्यापासून जे काही धुतलं होतं तेच माझ्या अंगाला चिकटलं होतं.

"काचवाले तरी काय करतात?" सर समजावणीच्या सुरात बोलत होते. "सगळे काही ना काही धुतात. आपला दगड त्यांच्या काचेपेक्षा वाईट नाही. एकदा काम मिळू दे, मग प्रमाण बदलू, मीठ सुटणार नाही असं करू. तुलाच देतो ते काम. मी मार्चमध्ये जातोय, ही खोली कुणाची होणार आहे असं तुला वाटतं?"

"आणि तोवर टाक्या रिकाम्या करायला घेतल्या तर?"

"तू आणि मी असू का बघायला?" ते हसले नाहीत, खरोखरच विचारत होते. मग त्यांनी अहवाल माझ्याकडे सरकवला. संत्र्याच्या रसाचं बोट समासात उमटलं. "ही ओळ असेल तर मी सही करणार नाही. आणि एक लक्षात ठेव. कृती सातवर सही तुझी आहे. उद्या चौकशी झाली तर तू म्हणशील, मला ठाऊक नव्हतं. कोण विश्वास ठेवेल? मी सुद्धा ठेवला नसता."

"मीही ठेवत नाही," मी म्हटलं. हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. पण बोलून झाल्यावर ते तिथेच राहिलं, आणि मी कागद उचलले.

जाताना भट्टीच्या खोलीवरून गेले. काका टब पुसत होते. मी त्यांना सांगितलं की उद्यापासून गोळ्या धुवायच्या नाहीत, नुसत्या अल्कोहोलने विसळायच्या. त्यांनी फडकं खाली ठेवलं. "म्हणजे इतकी वर्षं मी जे धुतलं ते चुकलं?" "तुमचं नाही चुकलं. तुम्ही सांगितलं तसं केलंत." "ते झालंच," काका म्हणाले. "पण धुतलं मीच ना." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "त्या कड्याचं मी तेव्हा विचारणार होतो तुम्हाला. पण तुम्ही शी म्हणालात."

आवक-जावक तळमजल्यावर आहे. खिडकीतल्या बाईंनी बोटाला थुंकी लावून पानं मोजली. शेवटच्या पानावर त्या थांबल्या. "मॅडम, सरांची सही राहिलीय."

"राहिली नाही. ते करणार नाहीत."

"मग मला 'अपूर्ण' असा शिक्का मारावा लागेल." त्यांनी आवाज खाली आणला. "अपूर्ण आलेलं अध्यक्ष स्वतः उघडतात बरं का. का अपूर्ण ते बघायला. नेऊ का परत? अजून वेळ आहे, पाचला दीड तास आहे."

"मारा शिक्का," मी म्हटलं. त्यांनी मारला. मग पोचपावतीवर एक, जरा हलक्या हाताने.

जिन्याच्या पहिल्या वळणावर मला ओकारी झाली. कालपासून अडून बसलेली, एकदम, कठड्यावर आणि तीन पायऱ्यांवर. सकाळचा चहा होता, आणि कालचा भात. मी कठड्याला धरून उभी राहिले. वरच्या मजल्यावर कुणाचे तरी पाय वाजले आणि दुसरीकडे गेले. खिशात रुमाल होता, शेजारी दाराआड नळ होता, दोन मिनिटांत सगळं पुसून निघून जाता आलं असतं. मी हलले नाही. खालून झाडलोट करणाऱ्या बाई बादली घेऊन वर आल्या, तीन पायऱ्या अलीकडे थबकल्या, आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अगं बाई. कुणाचं हे?"

"माझं," मी म्हटलं. "द्या ती बादली इकडे."